सासऱ्यांचा हात पंधरा मिनिटं चालेना आणि मग आपोआप बरा झाला – स्ट्रोकची सुरुवातीची लक्षणं, इथे एकत्र करूया (ठाणे / नवी मुंबई)

घोडबंदर_रोडवाली

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, आधीच सांगते. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक तरी जोडपं सत्तरीच्या आसपासचं आहे, मुलं एक तर बाहेरगावी नाहीतर सकाळी आठला निघून रात्री नऊला घरी येणारी, त्यामुळे हा विषय इथे एकदा नीट बोलला जावा असं फार मनापासून वाटतंय.

सासरे ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. गेल्या आठवड्यात सकाळी पेपर वाचत होते, चष्मा काढायला गेले तर उजवा हात वर येईचना. सासूबाईंनी काय झालं विचारलं तर बोलणं एकदम जड, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं, आणि ओठाचा उजवा कोपरा खाली आलेला. पंधरा मिनिटांत सगळं जागच्या जागी, हात वर, बोलणं स्वच्छ. ते म्हणाले मान अवघडली होती, चहा टाक. आमच्या शेजारच्या काकू रिटायर्ड मेट्रन आहेत, त्या दारातच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या चहा नाही, पाणी नाही, गाडी काढा आधी. सासरे वैतागले, मी धडधाकट आहे मला कशाला नेताय, पण काकूंनी ऐकलं नाही.

हॉस्पिटलमध्ये एमआरआय झाला, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) झाला. डॉक्टर म्हणाले हा टीआयए, म्हणजे मिनी स्ट्रोक म्हणतात तो, आणि मानेतल्या डाव्या रक्तवाहिनीत बराच ब्लॉक निघाला. आता त्यावर प्रोसिजर ठरलीय. डॉक्टरांचं एक वाक्य डोक्यात बसलंय, "आपोआप बरं झालं म्हणून जे घरी थांबतात त्यांचंच आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं."

तर माझी विनंती, ज्यांना अनुभव आहे, जे मेडिकलमध्ये आहेत, त्यांनी लिहा. लक्षणं काय दिसतात, आपल्या घरात ती कशी दुसऱ्याच कशाच्या नावावर खपतात, आणि रात्री-अपरात्री काय करायचं.

कोपरीकर

ताई, काका वेळेत पोचले हे वाचून बरं वाटलं. एक विचारायचं होतं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो, की लकव्याचा झटका आला की पेशंटला जागचं हलवू नका, सुई गरम करून दहाही बोटांच्या टोकांना टोचा, रक्त आलं की माणूस शुद्धीवर येतो, तोंड वाकडं झालं असेल तर कान चोळून पाळीला टोचा. आमच्या आईने त्यासाठी एक सुई वेगळी डबीत काढून ठेवलीय. हे खरं आहे का?

आयसीयू_सिस्टर

दादा, आईंना ती डबी आजच रिकामी करायला सांगा, अगदी हात जोडून सांगते. बोटातून चार थेंब रक्त काढून मेंदूतली गुठळी हलत नाही. पण त्या मेसेजमधलं सुईपेक्षाही वाईट वाक्य म्हणजे "हलवू नका". त्या एका वाक्यापायी पेशंट घरात पडून राहतो, आणि आमच्याकडे येतो तेव्हा उपचाराची वेळ गेलेली असते.

मी नवी मुंबईत आयसीयूला आहे, बरीच वर्षं. घरच्यांना काय दिसतं ते सांगते. एकदम तोंड एका बाजूला ओढलं जातं, हसायला सांगितलं की एकच गाल हलतो, चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळतं. एका बाजूचा हात किंवा पाय, किंवा दोन्ही, एकदम जड नाहीतर बधीर होतात. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. शर्टाचं बटण काजात जात नाही. बोलणं बोबडं होतं, किंवा बोलणं स्वच्छ असतं पण शब्द भलतेच येतात, किंवा आपण काय बोलतोय ते त्यांना समजतच नाही. यातला "एकदम" हा शब्द लक्षात ठेवा. महिनाभर हळूहळू हाताला मुंग्या येतायत ते वेगळं, त्यालाही दाखवा, पण आत्ता चांगला होता आणि आत्ता नाही, हे स्ट्रोकचं.

आणि एक तपासणी घरात कुणालाही करता येते. दोन्ही हात समोर खांद्याच्या उंचीवर सरळ धरायला सांगायचे, तळवे वर, डोळे मिटून, आणि मनात दहा आकडे मोजायचे. मागे एक आजी आल्या होत्या, घरच्यांचं म्हणणं अशक्तपणा आहे, सलाईन लावा. मी त्यांना हात धरायला सांगितले. हिरव्या बांगड्या भरलेल्या होत्या दोन्ही हातांत. डावा हात दोनेक सेकंद राहिला, मग तळवा हळूच आत वळला, बांगड्या मनगटाकडे घसरल्या आणि हात खाली खाली मांडीपर्यंत आला. आजी डोळे मिटूनच होत्या, मी विचारलं हात कुठेत, तर म्हणाल्या वरच आहेत की गं दोन्ही. त्यांना खरंच पत्ता नव्हता. म्हणून पेशंट "मला काही झालं नाहीये" म्हणतो त्यावर जाऊ नका, मेंदूचा तोच भाग बिघडला असेल तर त्याला बिघडलंय हेच कळत नाही.

न्यूरोवाला

सिस्टरांनी इतकं छान लिहिलंय की मी फक्त भर घालतो. न्यूरोलॉजीत काम करतो, पण इथे लिहितोय ते सर्वसाधारण माहिती म्हणून, कुणाच्या पेशंटला सल्ला म्हणून नाही.

तोंड, हात, बोलणं ही तीन लक्षणं पकडायची पद्धत १९९८ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी बसवली गेली, आणि ती चांगली आहे, पण त्यात मेंदूच्या मागच्या भागाचे स्ट्रोक निसटतात. म्हणून आता त्यात तोल आणि डोळे धरतात. एकदम तोल जाणं, भिंत धरल्याशिवाय उभं राहता न येणं, एकाचे दोन दिसणं, एका डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखा अंधार येऊन थोड्या वेळात निघून जाणं, हे सगळं त्यात येतं. आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, क्षणात टोकाला गेलेली, सोबत उलटी किंवा मान ताठ, तर ती रक्तस्रावाची असू शकते, ती गोळी घेऊन झोपण्याची गोष्ट नाही.

आता घाई कशाला ते. जगभरात साधारण ६०-६५ टक्के स्ट्रोक हे रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतात, उरलेले रक्तवाहिनी फुटून. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, त्याचा मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ३ तासांची मर्यादा होती, आता ४.५ तास धरतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढता येते, २०१५ साली लागोपाठ पाच अभ्यास आले आणि तिथून चित्र पालटलं. ती ६ तासांत, आणि स्कॅनमध्ये मेंदूचा वाचण्यासारखा भाग दिसला तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत. पण याचा अर्थ वेळ आहे असा काढू नका. मोठी रक्तवाहिनी बंद असताना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशोब आहे. पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन आणि चौथ्या तासात दिलेलं इंजेक्शन यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. सीटी स्कॅनच सांगतो. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका, हार्टचं वेगळं, हे वेगळं. रक्तस्राव असेल तर ती गोळी उलटते. घरच्या मशिनवर बीपी २०० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते खाली आणू नका, गुठळीपलीकडच्या भागाला जेमतेम जे रक्त पोचतंय ते त्या वाढलेल्या बीपीमुळेच पोचत असतं.

ऐरोलीची_लेक

तोल जाण्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण माझ्या आईच्या बाबतीत तेच झालं. पहाटे उठली ती गरगरतंय म्हणत, उलट्या सुरू झाल्या. आदल्या दिवशी साखरपुड्याचं जेवण होतं, त्यामुळे सगळ्यांनी ठरवलं पित्त झालंय. जवळच्याच एका छोट्या नर्सिंग होमला नेलं, तिथे उलटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि झोपू दे म्हणाले. मी तिथे बसून होते, तिला उठवून बाथरूमला न्यायला गेले तर ती सारखी डावीकडेच कलंडायची, आणि पाण्याचा घोट घेतला की ठसका. मी म्हटलं पित्ताने ठसका कशाला लागेल. ड्युटीवरच्या डॉक्टरना सांगितलं तर म्हणाले अशक्तपणा आहे. शेवटी माझ्या भावाने तिथून हलवलं, मोठ्या हॉस्पिटलला एमआरआय केला तर मेंदूच्या मागे लहान मेंदूत स्ट्रोक होता. आई आता चालते, काठी आहे, पण चालते. मला अजून राग येतो की "ही सरळ चालते का" एवढं कुणी तिला उभी करून बघितलं नाही.

न्यूरोवाला

तुमचं निरीक्षण अगदी अचूक होतं. चक्कर बहुतेक वेळा कानाची असते, पण चक्करेसोबत एका बाजूला कलंडणं, गिळताना ठसका, दुहेरी दिसणं, बोबडं बोलणं, यातलं एकही असेल तर ती कानाची समजून बसू नये. नुसता साधा सीटी सुरुवातीला या भागात नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून तिथे तपासणाऱ्याची नजर आणि एमआरआय लागतो.

बाजारसमिती_पहाट

मी तुर्भेला मार्केटात असतो, भाजीच्या गाळ्यावर. आमच्याकडे पहाटेचं काम, दिवसा झोप, तर हे सगळं रात्रीच घडतं. आमचा एक माथाडी, पन्नाशीचा गडी, गोणी पाठीवर होती आणि पाय ओढायला लागला, गोणी तशीच खाली गेली. काय झालं विचारलं तर बोबडं बोलायला लागला. दोघेतिघे म्हणाले घेतलीय याने, पडू द्या तिकडे पोत्यांवर. एकाने कांदा फोडून नाकाला लावला, फिट आली म्हणून. पण आमचे मुकादम जुने, त्यांच्या भावाला हेच झालेलं, ते ओरडले की हा माळकरी माणूस, हा घेत नाही, उचला याला. टेम्पो रिकामा होता, त्यातच घातला.

हॉस्पिटलला पहिला प्रश्न काय, शेवटचा चांगला कधी होता? तर आमच्या गाडीची गेटवरची पावती असते, तिच्यावर आत आल्याची वेळ असते, आणि ती नाशिकची गाडी लागली तेव्हा हाच तिच्यावर चढून ताडपत्री सोडत होता. मुकादमांनी ती पावतीच दाखवली डॉक्टरांना. वेळ पक्की मिळाली म्हणून इंजेक्शन देता आलं असं ते म्हणाले. आता तो वजनकाट्यावर बसतो, जड काम नाही करत, पण स्वतःच्या हाताने जेवतो.

म्हणून सांगतो, कष्टकरी माणूस पहाटे रस्त्यात झोकांड्या खाताना दिसला की प्यायलेला समजून पुढे जाऊ नका, जवळ जाऊन बोलून बघा.

आयसीयू_सिस्टर

दादा, तुमच्या मुकादमांना माझा नमस्कार सांगा. पावती घेऊन येणारे लोक आम्हाला मिळाले तर किती सोपं होईल. आमच्याकडे दहा नातेवाईक येतात आणि वेळ विचारली की एकमेकांकडे बघतात.

रातपाळीवाला

यावरूनच प्रश्न, झोपेतून उठला आणि हात चालत नाहीये, तर वेळ कुठली धरायची? माझे वडील एकटे झोपतात आणि मी नाइट शिफ्टला.

न्यूरोवाला

झोपायला गेले तेव्हा चांगले होते तर ती वेळ. पण मधे कधी पाणी प्यायला उठले होते, कुणाशी बोलले होते, बाथरूमला नीट चालत गेले होते, तर ती वेळ. उठल्याची वेळ धरायची नाही. पूर्वी अशा पेशंटना इंजेक्शन मिळतच नसे, २०१८ साली एमआरआय वापरून केलेला अभ्यास आला, त्यानंतर यातल्या काहींना देता येतं. त्यामुळे "रात्रीच झालं असणार, आता काय उपयोग" म्हणून सकाळची कामं उरकून नंतर निघू नका, तसेच निघा.

कोपरीकर

सुईचं आईला वाचून दाखवलं, तिने ऐकलं. आता ती विचारतेय की मग कबुतराचं रक्त? आमच्या गावाकडे लकवा मारलेल्याला ते चोळतात, आणि गावाकडे एक जण औषध देतो, त्याने लोक उठून चालायला लागले म्हणतात.

फिजिओताई

हा प्रश्न मला रोज येतो म्हणून मी उत्तर देते. मी ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओ करते, माझे निम्मे पेशंट स्ट्रोकचे. कबुतराच्या रक्ताने काही होत नाही, आणि कबुतरांच्या विष्ठेने, पिसांनी फुफ्फुसाचे आजार होतात ते वेगळंच. लोक उठून चालायला लागले हे खरं आहे, पण स्ट्रोकनंतर पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतः बऱ्यापैकी सावरतो, त्याचं श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं. तुमच्या आईंना सांगा, गावचं औषध, तेल, मालिश, यापैकी कशासाठीही पहिले काही तास खर्च करायचे नाहीत. नंतर तेलाने हलका हात फिरवलात तर माझी हरकत नाही, फक्त लुळा हात धरून पेशंटला ओढून उठवू नका, खांदा निखळतो आणि त्याचं दुखणं स्ट्रोकपेक्षा जास्त छळतं.

मला इथे एक वेगळंच सांगायचंय. माझ्या पेशंटच्या घरी मी इतिहास लिहून घेते तेव्हा तीच गोष्ट परत परत ऐकते. "आठ दिवस आधी हातातून वाटी पडली होती", "महिन्यापूर्वी अर्धा तास बोबडं बोलत होते, पण नंतर बरे झाले", "डोळ्यापुढे अंधार आला होता, आम्ही चष्म्याचा नंबर काढायला गेलो." आणि दुसरी गोष्ट, बीपीची गोळी. मशिनवर १२०-८० आलं म्हणून गोळी बंद केलेली असते. अहो, ते गोळी चालू आहे म्हणूनच १२०-८० आहे ना! या दोन गोष्टींनी माझी वही भरलेली आहे, मला प्रत्येक वेळी तितकंच वाईट वाटतं.

न्यूरोवाला

ताई अगदी बरोबर. टीआयएनंतर मोठा स्ट्रोक यायचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात अशा पेशंटना आठवडे न घालवता ताबडतोब तपासून उपचार सुरू केले तर पुढच्या ९० दिवसांतल्या स्ट्रोकचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला. औषधं तीच होती, नवीन काही नव्हतं, फक्त लवकर दिली. घोडबंदरच्या ताईंच्या शेजारणीने जे केलं ते म्हणूनच इतकं मोलाचं. मानेतला ब्लॉक काढायचा असेल तर तोही दोन आठवड्यांच्या आत केलेला जास्त फायद्याचा असतो, तेव्हा ताई, मुहूर्त किंवा सणाच्या कारणाने तारीख पुढे ढकलू नका, कृपया.

आणि नाडी. ज्यांची नाडी अनियमित लागते त्यांच्या हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. साठीच्या पुढच्यांचा ईसीजी अधूनमधून झालाच पाहिजे.

आयटीपार्क_अडतीस

वयाबद्दल लिहितो. माझा टीममेट, वय ३८, ऐरोलीला ऑफिस. सिगरेट होती, बीपी कधी मोजलंच नव्हतं. दुपारी तो घरून काम करत होता आणि चॅटवर त्याचे मेसेज विचित्र यायला लागले, अर्धे शब्द, अक्षरांची नुसती खिचडी. एकाने विचारलं काय टाइप करतोयस, तर त्याने परत तसंच काहीतरी पाठवलं. आमच्या लीड मॅडमनी त्याला फोन लावला, त्याने उचलला पण "हं... ते... ते..." एवढंच. त्यांनी लगेच त्याच्या बायकोला फोन केला, ती खाली भाजी घेत होती, धावत वर गेली. तो खुर्चीत बसलेला, उजवा हात माउसवरून खाली लोंबत होता. वेळेत गेला, आज परत कामावर आहे, बोलताना मधेच शब्द अडतो एवढंच. ज्याचं वय कमी त्याच्याबाबत कुणाच्या मनातच येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पामबीचवाले_काका

चर्चा उत्तम चालू आहे. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. १०८ ला फोन करून थांबायचं की स्वतःची गाडी काढायची? मी म्हणेन स्वतःची गाडी. १०८ येईपर्यंत आपण पोचतो.

घोडबंदर_रोडवाली

काका, तुमच्याकडे पाम बीचला गाडी पळते. आमच्याकडे संध्याकाळी मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत जायचं म्हणजे कधी कधी पाऊण तास, ॲम्ब्युलन्सला निदान सायरन तरी आहे.

पामबीचवाले_काका

सायरनने पुढची गाडी सरकली पाहिजे ना. जागाच नसेल तर कोण काय करणार.

आयसीयू_सिस्टर

दोघांचंही खरं आहे. पेशंट शुद्धीवर आहे, बसतोय, गाडी खाली उभी आहे आणि हॉस्पिटल जवळ आहे तर निघा. बेशुद्ध आहे, उलट्या होतायत, फिट येतेय, तर ॲम्ब्युलन्स, कारण वाटेत श्वासाची नळी मोकळी ठेवायला माणूस लागतो. थांबायचं असेल तोवर कुशीवर झोपवा. पण दोन्हीपैकी काहीही करा, निघताना हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला फोन करून सांगा, "स्ट्रोकचा संशय आहे, अमुक वाजेपर्यंत चांगले होते, एवढ्या वेळात पोचतोय." तेवढ्या फोनवर सीटीचा टेबल रिकामा करून ठेवतात.

आणि मुख्य म्हणजे जवळचं हॉस्पिटल आणि योग्य हॉस्पिटल हे एकच असेल असं नाही. आज, सगळे चांगले असताना, तुमच्या भागातल्या दोन-तीन हॉस्पिटलांना फोन करून विचारून ठेवा की रात्री तीन वाजता सीटी चालू असतो का, गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे आहे का, न्यूरोचे डॉक्टर किती वेळात येतात. जिथे नीट उत्तर मिळेल तो नंबर फ्रिजवर लावा. सीटीच नाही तिथे नेलं तर तिथून परत हलवण्यात तास-दीड तास जातो, ऐरोलीच्या ताईंनी लिहिलंच आहे.

सोबत गोळ्यांची पाकिटं घ्या, प्रिस्क्रिप्शन सापडत नसेल तर शोधत बसू नका, गोळ्यांचा डबाच उचला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते दारातच सांगा. शुगरवाल्यांचं ग्लुकोमीटर हाताशी असेल तर आकडा बघून घ्या, कारण शुगर खूप उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं, पण ते हॉस्पिटललाही लगेच बघतात, तेवढ्यासाठी खोळंबू नका. आणि तोंडात काही घालू नका. गिळायचे स्नायू गेलेले असतील तर पाणीसुद्धा श्वासनळीत जातं. तीर्थ नाही, मध नाही, चहा नाही.

रातपाळीवाला

इंजेक्शनसाठी सही मागतात म्हणे आणि त्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो असं लिहिलेलं असतं. माझ्या मावसभावाने त्या भीतीने सही करायला वेळ लावला, काकांना फोन, मामांना फोन, असं करत तासभर गेला.

न्यूरोवाला

भीती वाटणं साहजिक आहे. धोका आहेच, १९९५ च्या त्या अभ्यासात शंभरात सुमारे सहा जणांना असा त्रासदायक रक्तस्राव झाला होता. पण त्याच अभ्यासात इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये तीन महिन्यांनी जवळजवळ काहीच अपंगत्व न उरण्याची शक्यता इतरांपेक्षा किमान ३० टक्के जास्त होती. आणि ज्यांना धोका जास्त त्यांना गाळायचे नियम आहेत, बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणतो, नुकतं मोठं ऑपरेशन झालंय का बघतो. घरात सही कोण करणार हे आधीच बोलून ठेवलेलं असलं तर फार वेळ वाचतो. औषध महाग आहे, मेंदूतली गुठळी काढायची प्रोसिजर तर लाखांत जाते, तेव्हा मेडिक्लेमचं कार्ड, सरकारी योजनेची कागदपत्रं एका पिशवीत एकत्र ठेवा.

ऐरोलीची_लेक

तोंड वाकडं होण्याचा तो दुसरा प्रकार पण असतो ना, गारठ्याने होतो म्हणतात, माझ्या नणंदेला झाला होता, तो स्ट्रोक नव्हता.

न्यूरोवाला

तो चेहऱ्याच्या नसेचा. त्यात सहसा कपाळही जातं, त्या बाजूला आठ्या पाडता येत नाहीत आणि डोळा पूर्ण मिटत नाही. स्ट्रोकमध्ये बहुधा कपाळ वाचतं. पण हा फरक घरी करत बसू नका, दोन्हीला त्याच दिवशी डॉक्टर लागतो.

घोडबंदर_रोडवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार. इथलं वाचून मी आमच्या लॉबीत लावायला एक मजकूर केलाय, बघा आणि चुकलं असेल तर सांगा:

"एकदम तोंड वाकडं, एकदम हात-पाय जड, एकदम बोलणं बिघडलं, एकदम तोल गेला किंवा दिसेनासं झालं – यातलं एकही दिसलं, आणि थोड्या वेळात बरं झालं तरीही – ताबडतोब हॉस्पिटल. शेवटचे चांगले कधी होते ती वेळ लिहा. खायला-प्यायला काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. घरची कुठलीही गोळी देऊ नका. सुई टोचू नका. गार्डला सांगा, लिफ्ट खाली धरून ठेवेल, गेट उघडेल. ॲम्ब्युलन्स १०८."

आयसीयू_सिस्टर

छान झालंय. "बरं झालं तरीही" हे मोठ्या अक्षरात घ्या. आणि खाली ज्या हॉस्पिटलला सीटी चोवीस तास आहे त्याचा नंबर लिहायला रिकामी ओळ ठेवा, प्रत्येक बिल्डिंगचा वेगळा असणार.

बाजारसमिती_पहाट

ताई, मला हा पाठवा, मी गाळ्यांच्या लायनीत चहावाल्याच्या टपरीवर लावतो, तिथे सगळे थांबतात. हिंदीत पण करून द्या, आमच्याकडे निम्मी पोरं बिहार-यूपीची आहेत.

घोडबंदर_रोडवाली

दादा, दोन्ही आज रात्रीपर्यंत इथेच टाकते. सिस्टर, बदल केले. आमच्या सेक्रेटरींनी रविवारी सगळ्या गार्डना खाली बोलावलंय, शेजारच्या काकू त्यांना ती हात पुढे धरायची तपासणी करून दाखवणार आहेत. कुणाला आपल्या सोसायटीत असं करायचं असेल आणि दाखवायला कुणी नसेल तर इथे लिहा, काकू घोडबंदर पट्ट्यात कुठेही यायला तयार आहेत.

फिजिओताई

नौपाडा, पाचपाखाडी, वागळे इस्टेट माझ्याकडे. संध्याकाळी सहानंतर कधीही.